आठव्या कोपऱ्याची सळई

गोंदिया, मंगळवार

गोंदियाच्या लॉजवाल्याशी माझं भांडण झालं ते पलंगावरून. सकाळी किल्ली द्यायला खाली गेलो तर म्हणाला, "भाईसाब, पलंग बीच में क्यों खींचा? फर्शी पे लकीर पड गयी." मी म्हटलं, भिंतीला पोट आलंय, तिच्याखाली मी झोपत नाही. गडी माझ्याबरोबर जिना चढून वर आला, भिंतीवर चार थापा मारल्या आणि छाती काढून म्हणाला, "बीस साल से खडी है." भिंतीबद्दल लोक मला नेहमी हेच सांगतात. पडेपर्यंत प्रत्येक भिंत उभीच असते, हे त्याला सांगत बसलो नाही. फरशीच्या ओरखड्याचे पन्नास रुपये मात्र त्याने घेतले.

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. मी किल्लारीच्या भागातला. भूकंप झाला तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमचं घर दगडमातीचं, वर हातभर जाडीचं मातीचं माळवद. त्याखाली आई गेली आणि तीन वर्षांचा धाकटा भाऊ गेला. मी आणि बहीण वंदना अंगणात बाजेवर झोपायचा हट्ट करून बसलो होतो, म्हणून राहिलो. वडील त्या रात्री बाहेरगावी होते. आमच्याकडे कधी भूकंप होत नाही, असं तोवर आमच्या गावातही शहाणी माणसं सांगत होती. मोठा झाल्यावर मी आय.टी.आय.त गवंडीकाम शिकवायला लागलो, आणि तेव्हापासून ज्या घरात जातो त्या घराच्या भिंती आधी बघतो, माणसं नंतर.

वंदना चौदा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणून देवरी तालुक्यात आली आणि त्याच वर्षी तिथल्याच खुशाल नावाच्या धानाच्या शेतकऱ्याशी लग्न करून राहिली. आता ती दोघं तीन खोल्यांचं विटांचं घर बांधत होती. नकाशा मीच काढून पाठवला होता. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "शुक्रवारी स्लॅब आहे दादा. पण तू येऊ नको, इकडे ऊन फार आहे." ये म्हणाली असती तर मी कदाचित कामं सांगून टाळलं असतं. येऊ नको म्हणाली, आणि मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. स्लॅब एकदा पडला की भिंतीच्या पोटात काय आहे ते पुन्हा दिसत नाही.

बस दुपारची होती, म्हणून मधल्या वेळेत जवळच्या नागऱ्याला जाऊन शंकराचं जुनं देऊळ पाहिलं. म्हणजे लोक पिंडीला हात जोडत होते आणि मी कोपऱ्यातला दगड दगडात कसा बसवलाय ते बोटाने चाचपत होतो. पुजाऱ्याने विचारलं, "क्या ढूंढ रहे हो?" मी म्हटलं, सांधा. त्याने माझ्या चपला कुठे आहेत ते एकदा पाहून घेतलं. संशय माझ्यावरही घेतला जातो, हे बरंच आहे.

देवरी तालुका, बुधवार

आदल्या संध्याकाळी वंदना दारात भेटली तेव्हा तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "कायले आला रे एवढ्या उन्हात?" माझी लातूरकडची बहीण आता इकडची झाडीबोली बोलते. मी आल्याचा आनंद तिच्या तोंडावर होता, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं. ते मी मनात नोंदवून ठेवलं.

नवं घर होईपर्यंत ही मंडळी जुन्या मातीच्या घरात राहतात. मातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. आत शिरताना मी मान वर करून पाहिलं. छपराचा भार भिंतीवर नाही, खांबांवर होता, आणि कवेलू आमच्या माळवदापेक्षा पुष्कळ हलकी. थोडं बरं वाटलं, तरी ताटावर बसलो तो खांबाजवळच.

वाढत होत्या वंदनाच्या सासूबाई, दुरपताबाई. ताठ, सडसडीत, आवाज असा की धानाच्या तीन बांध्या, म्हणजे तीन शेतं, पलीकडे जावा. ताटात भाताचा डोंगर, कोचईची, म्हणजे अळकुड्यांची, भाजी आणि पिवळी डाळ. आमच्याकडे भात शेवटी, तोही मूठभर. इथे भात म्हणजेच जेवण, पोळी हा पाहुण्यासाठी केलेला लाड. मी डाळीचं नाव विचारलं. लाखोळी म्हणाल्या. मी वाटी हळूच बाजूला सारली, कारण या डाळीने पाय लुळे पडतात असं ऐकलं होतं.

"काऊन जी, भाऊ? डाळ नाही आवडे का?"

मी खरं कारण सांगितलं. दुरपताबाईंनी लुगडं घोट्यापर्यंत वर केलं आणि पाय पुढे करून दाखवले. "हे पाहा माह्ये पाय. साठ वर्स झाले, खाऊन रायली. अजून धानाच्या रोवणीले सुनेच्या पुढं रायते मी. तुमच्याइकडं जवारी खाऊन काय लोकं उडतेत का?"

खुशाल भातात तोंड लपवून हसला. मी डाळ खाल्ली. चव चांगली होती, पण रात्रभराने पायांची बोटं हलवून बघायची असं ठरवलं.

बुधवारी सकाळी बांधकामावर गेलो तर आठ वाजता तिथे चिटपाखरू नाही. नऊ वाजले, साडेनऊ झाले. मी सिमेंटची पोती मोजली. कोणी विचारणारं नव्हतं म्हणून आणखी एकदा मोजली. दहाला चार बाया डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या आणि त्यांच्यामागून सायकलवर मिस्त्री. हिरामन त्याचं नाव, छत्तीसगडच्या हद्दीपलीकडचा, पन्नाशीचा, चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दाखवणारा माणूस. मी घड्याळ पुढे केलं.

"मोहा गिर रहा है साहब," तो म्हणाला. "मोहा रुकता है क्या?"

पहाटे जंगलात मोहफुलं पडतात, ती वेचून, घरी वाळत घालून मग बाया कामावर येतात, अशी इथली रीत. आमच्याकडे मजूर उशिरा आला तर अर्धी हजेरी कापतात. इथे मिस्त्रीच बायांसाठी थांबतो. रीत म्हणून मला पटली, पण दहापर्यंत मालावर कोणाचं लक्ष नसतं, हेही मी ध्यानात ठेवलं.

मग मी विटांकडे वळलो. इथल्या भट्ट्यांवर धानाचा कोंडा जाळतात. दोन विटा एकमेकींवर आपटून पाहायच्या. खणखणीत वाजली तर भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची. एका कोपऱ्यात ढीग होता त्यातल्या सगळ्या बद्द वाजल्या. विचारलं तर हिरामन म्हणाला, त्या भिंतीला नाहीत, न्हाणीच्या ओट्याला आहेत. म्हणायला काय जातंय, असं मी मनात म्हटलं. दुपारी त्याने सळईचे हातभर लांबीचे उरलेले तुकडे गोळा केले, सुतळीने बांधले आणि सायकलच्या कॅरिअरला लावले. आता माझी खात्रीच पटत चालली.

सळईचं एवढं काय, हे इथे सांगायला हवं. जमीन हलली की घराच्या भिंती एकमेकींपासून सुटतात, आणि पहिल्यांदा सुटतात त्या कोपऱ्यात. एकदा कोपरा उघडला की भिंत बाहेर पडते आणि छत आत. म्हणून माझ्या नकाशात दोन गोष्टी होत्या. डाल्याला कड बांधतात तशी दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या घराला फिरणारी काँक्रीटची आडवी पट्टी, आणि कोपऱ्याकोपऱ्यात, जिथे भिंती भेटतात तिथे, पायव्यापासून स्लॅबपर्यंत एक एक उभी सळई. अशा जागा आठ. भिंतींच्या माथ्यावर आठही ठिकाणी सळईची टोकं वर आलेली दिसत होती. खालूनच मोजली आणि घरी आलो.

संध्याकाळी खुशालला म्हटलं, मिस्त्री सळ्या नेतो. खुशाल आळस देत म्हणाला, "अजी भाऊ, आपल्या इकडं भूकंप कुठं होते? तुम्ही उगीच टेन्शन घेऊन रायले." मी वंदनाकडे पाहिलं. ती वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही.

गुरुवार

दुसऱ्या दिवशी सेंट्रिंगच्या पत्र्यांची गाडी आली. लोक ते उतरवण्यात गुंतलेले पाहून मी शिडी लावली आणि भिंतीवर चढलो. प्रत्येक सळई दोन्ही हातांनी धरून हलवत गेलो. पहिली घट्ट. दुसरी घट्ट. सात सळ्या जमिनीत रुजलेल्या झाडासारख्या होत्या. आठवी, पूर्वेकडच्या लहान खोलीच्या कोपऱ्यातली, हलली. मी ओढली, तर दोन हातांचा तुकडा सरळ बाहेर आला, आणि त्याला लागलेली कोरडी वाळू माझ्या हातावर सांडली. खाली काँक्रीट नव्हतं. कोपरा पोकळ होता.

माझं डोकं फिरलं. तुकडा हातात घेऊन मी शिडी कशी उतरलो ते मला आठवत नाही. चोर, बेइमान, लेकराबाळांच्या जिवावर उठलेला, काय वाट्टेल ते मी हिरामनला बोललो. बाया पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं. हिरामनने विडी विझवून कानामागे लावली. तो ना रागावला ना घाबरला. त्याच्या गप्प बसण्याने माझा आवाज आणखी चढला.

तेवढ्यात सकाळची शाळा सुटून वंदना आली. हिरामनने तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बाई कहे रिहिस, मैं करेंव."

बाई म्हणाली, मी केलं. मला वाटलं, आता हा बहिणीवर ढकलतोय.

"दादा, त्यांना बोलू नको," वंदना म्हणाली. मी आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याशी घरच्या बोलीत बोलली. "मीच सांगितलं होतं. तो तुकडा तुझ्यासाठी लावायला लावला. तू येशील, मोजशील, हे ठाऊक होतं मला."

मी तिथेच विटांच्या ढिगावर बसलो. गेले दोन दिवस लॉजवाल्यापासून डाळीपर्यंत मी सगळ्यांवर संशय घेतला होता. वंदनावर घेतला नव्हता.

कारण असं निघालं. पूर्वेची लहान खोली देवाची. खुशालच्या घराण्यात देवाच्या कोपऱ्यात उभं लोखंड चालत नाही. पायवा भरला तेव्हा दुरपताबाईंनी स्वतः येऊन तसं बजावलं होतं. कामावर गलका ऐकून त्या जुन्या घरून आल्याच होत्या. मी हात जोडून म्हटलं, "अहो, स्लॅबमध्ये लोखंड आहे, पट्टीत लोखंड आहे, मग एका सळईनं काय होतंय?"

"आडवं चालते जी," त्या म्हणाल्या. "छत साऱ्याईचं हाय. पण उभं लोखंड म्हंजे देवाच्या समोर भाला रोवला. माह्या सासूनं नाही रोवला, मी कायले रोवू?"

मी वंदनाला विचारलं, "आणि तू गप्प बसलीस? तू?"

दुरपताबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागल्या. "तिनं काऊन बोलावं? तिले काय करायचं हाय भूकंपाचं?"

मला वाटलं त्या टोमणा मारतायत. मग खुशालने मान खाली घातली आणि माझ्या लक्षात आलं. त्यांना माहीतच नव्हतं. लग्नात आई कुठे आहे असं कोणी विचारलं, तेव्हा आमचे वडील 'नाहीत' एवढंच म्हणाले होते. पुढे वंदनाने सासूला सांगितलं होतं, आई तापानं गेली. खुशालला खरं ठाऊक होतं, पण तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता. सळईसाठी सासूशी भांडायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते सांगण्यापेक्षा तिने कोपरा पोकळ ठेवला.

"माझी इथे कोणी कीव करत नव्हतं," ती म्हणाली. "गावाकडे मी 'भूकंपातली पोरगी' होते. शाळेत, नातेवाईकांत, बसमध्येसुद्धा. इथे मी नुसती मॅडम होते. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं."

मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं तेव्हा मी चष्मा पुसत बसलो.

मग वंदना सासूकडे वळली. "आई, माझी आई तापानं नाही गेली. घर पडलं आमचं. भिंतीखाली गेली." एवढं बोलून ती थांबली. पुढचं तिच्याने बोलवलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

दुरपताबाईंनी पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. मग एकदम कडाडल्या, "चौदा वर्स! चौदा वर्स माह्या हातचं खाऊन रायली, अन् मले ताप सांगतली? मी का परकी होती का?" आणि आल्या तशा तरातरा निघून गेल्या. त्यांच्या मागे जायची कोणाचीच हिंमत झाली नाही.

हिरामनने कानामागची विडी काढली. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच सलग बोलला. तो कोपरा त्याने पोकळ ठेवला होता तो मुद्दाम. चारही बाजूंनी विटा रचत आणल्या आणि मधल्या नळीत कोरडी वाळू भरली. पायव्यातून वर आलेली मूळ सळई त्याने कापलीच नव्हती, विटांच्या आड दीड हात तशीच दाबून टाकली होती. म्हातारीला ते सांगितलं नव्हतं, मॅडमलाही नाही. कोणाचं मन बदललं तर तळाची एक वीट काढायची, वाळू सोडून द्यायची, नवी सळई वरून सोडून खालच्या सळईला बांधायची आणि काँक्रीट भरायचं. स्लॅब पडेपर्यंत वाट उघडी होती.

"सळईचे तुकडे?" मी विचारलं. मला तेही सोडवेना.

"वो तो खुशालभाऊ ने दिया, हंसिया बनाने." म्हणजे विळे करायला. खुशालने मान हलवली. मी त्या माणसाला चार बायांसमोर चोर म्हटलं होतं.

शुक्रवार, शनिवार

शुक्रवारी सकाळी दुरपताबाई सगळ्यांच्या आधी बांधकामावर हजर. डोळे सुजलेले, आवाज मात्र कालचाच. मोहफुलं वेचून बाया आल्या, हिरामन आला, तोवर दुरपताबाई त्या पोकळ कोपऱ्याशी उभ्याच होत्या.

"बसव रे सळई," त्या हिरामनला म्हणाल्या.

खुशालने भीत भीत विचारलं, "देवाले इचारलं का, आई?"

"इचारलं पहाटी. तो का बोलते? मीच सांगतली त्याले. पोरीची माय भिंतीखाली गेली, आता तुले सळई सहन करा लागन. तू बी मातीचाच हायस, भिंत पडली तर तुले बी लागन."

वंदना शाळेत गेलीच नव्हती. ती सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या, पण खांद्याला खांदा लागलेला होता.

हिरामनने तळाची वीट छिन्नीने अलगद काढली. वाळू भळाभळा बाहेर आली, आणि सगळी वाहून गेल्यावर आत खालची सळई दिसली. मी गुडघ्यांवर बसून, हात आत घालून ती धरून पाहिली. घट्ट होती. वरून नवी सळई सोडली. ती खाली टेकेपर्यंत दुरपताबाई मान वर करून बघत होत्या. हिरामनने तारेने दोन्ही बांधल्या, भोक बंद केलं, बारीक खडीचं काँक्रीट वरून पाटी-पाटीने ओतलं, आणि मी भिंतीवर बसून ते लांब सळईने ठोसत राहिलो. मी वर्गात पोरांना हे शेकडो वेळा शिकवलंय. त्या दिवशी प्रत्येक पाटीनंतर मी ठोसे मोजत होतो.

खाली उतरल्यावर मी हिरामनची माफी मागितली, बायांसमोरच, कारण शिवीही त्यांच्यासमोरच दिली होती. त्याने चुन्याची डबी पुढे केली. "शक मेरे को भी था साहब," तो म्हणाला. "नहीं तो रेत काहे को भरता?"

कोपऱ्याला एक रात्र मिळावी म्हणून स्लॅब शनिवारवर गेला. शनिवारी मिक्सर आला, शेजारपाजार जमला, गरम गरम आयते आणि चहा झाला. तांदळाच्या पिठाची ती धिरडी मी चार खाल्ली, कशात काय आहे ते न विचारता. पहिली पाटी टाकण्याआधी इथे नारळ फोडतात. तो घरच्या कर्त्याने फोडायचा असतो. खुशाल हात धुऊन पुढे झाला, तर दुरपताबाईंनी त्याला कोपराने बाजूला सारलं आणि नारळ वंदनाच्या हातात दिला.

"माय, काय नाव होतं तुह्या मायचं?"

चौदा वर्षांत या गावात कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं.

"गया," वंदना म्हणाली.

"मंग गयाबाईच्या नावानं फोड."

देवाच्या खोलीच्या कोपऱ्यावर तिने नारळ फोडला. पाणी भिंतीवरून ओघळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिक्सर सुरू झाला. वंदना तिथून हलली नाही. मिक्सरच्या आवाजात ती काहीतरी म्हणाली, ते आम्हाला ऐकू आलं नाही. सासूने कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"धाकटा भाऊ पण होता, आई. बालाजी. तीन वर्षांचा होता."

दुरपताबाईंनी हात वर करून मिक्सर थांबवायला लावला. मग पिशवीतून दुसरा नारळ काढून तिच्या हातात दिला.